जळालेला तिशियन आणि जॅक्सनचा लाकडी ठसा (१७३९)

खिळेजुळारी (धागाकर्ता)

मंडळी,

सांगलीला आमचा छापखाना होता. छापखाना म्हणजे एक ट्रेडल (पायाने चालवायचं छपाईयंत्र), एक कटिंग मशीन आणि लगीनसराईत पत्रिकांच्या गठ्ठ्यांवर झोपलेला मी. पत्रिकेवरचा गणपती दोन तऱ्हेचा असायचा. साध्या पत्रिकेवर शाईचा, आणि हात सैल सोडणाऱ्या पार्टीसाठी उठावाचा. उठावाच्या गणपतीला शाईचा थेंब लागत नाही, कागदच फुगवून सोंड आणि कान काढायचे. माल तयार झाला की वडील पत्रिका वाचायच्या आधी ती डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून उजेडाकडे बघायचे. सोंड नीट उठली असेल तर हुंकार, नसेल तर शिवी.

ही सवय मला मागच्या महिन्यात लंडनमध्ये उपयोगी पडली.

ब्रिटिश म्युझियममध्ये छापचित्रांची अभ्यासिका आहे. आधी वेळ ठरवून गेलात तर पेटीतलं चित्र काढून समोरच्या टेबलावर ठेवतात. मी मागवलं होतं जॉन बॅप्टिस्ट जॅक्सन या इंग्रज ठसेकाराचं ‘संत पीटर मार्टिरचा वध’. साल १७३९, गाव व्हेनिस, मूळ चित्र सोळाव्या शतकातला व्हेनिसचा चित्रकार तिशियन याचं. उंची पावणेदोन फुटांच्या आसपास. लाकडी ठोकळे कापून, एकावर एक छापलेलं.

पहिली प्रतिक्रिया खरी सांगतो: हिरमोड. वेबसाइटवर दिसलं होतं तसंच, चहा सांडल्यासारखं. तपकिरी, त्याहून गडद तपकिरी, मळकट पिवळा. कडा धूसर. उंच झाडं, खाली पडलेला संत, त्याचा झगा मुठीत धरून शस्त्र उगारलेला मारेकरी, जीव घेऊन पळणारा सोबती, वर ढगात दोन बाळदेवदूत. सगळं आहे, पण एकही रेघ धारदार नाही. जर्मन चित्रकार ड्यूररच्या काष्ठछापांत केसन्‌केस मोजता येतो. इथे सगळं ओघळल्यासारखं.

मग हात आपोआप हलला. माउंट उचलून डोळ्यांच्या पातळीला आडवा धरला. आणि चित्र उभं राहिलं!

पळणाऱ्या साधूचा डोमिनिकन पंथाचा पांढरा झगा कागदावर नुसता कोरा सोडलेला आहे, तिथे शाईच नाही. पण भोवतालच्या चारही ठोकळ्यांनी कागद इतका दाबलाय की कोरा भाग फुगून वर आलाय. झग्याच्या दोन घड्यांमध्ये एक बारीक खाच पडली आहे, करंगळीच्या नखाएवढी. तिच्यात सावली पडते. ती सावली छापलेली नाही. कागद सपाट ठेवला की नाहीशी होते, कलता धरला की परत येते. वडील असते तर मोठा हुंकार मिळाला असता.

आता हे काम कसं चालतं ते माझ्या भाषेत. तज्ज्ञांनी चुका काढाव्यात.

या प्रकाराला कियारोस्कुरो म्हणतात, म्हणजे उजेड-अंधाराचं काम. एकाच चित्रासाठी तीन-चार ठोकळे. एक फिक्या रंगाचा, तो जवळपास सगळा कागद झाकतो. फक्त जिथे झगझगीत उजेड हवा तिथे लाकूड खोदून काढलेलं. दुसरा मधल्या छटेचा, तिसरा त्याहून गडद, चौथा सगळ्यात काळपट. आधी फिका, मग चढत्या क्रमाने गडद. जो भाग कुठल्याच ठोकळ्यावर शिल्लक नाही तो कागदाचा पांढरा.

इटलीत उगो दा कार्पीने १५१६ साली व्हेनिसच्या सिनेटकडे अर्ज करून या पद्धतीवर हक्क मागितला. त्याच्या आधी जर्मनीत क्रानाख आणि बुर्कमायर ते करून बसले होते, पण ते असो. जुन्या जर्मन कामात काळ्या रेघेचा ठोकळा हाच राजा. तो एकटा छापला तरी चित्र कळतं, बाकीचे ठोकळे रंग भरायला. जॅक्सनने त्या रेघेला गादीवरून उतरवलं. त्याचा सगळ्यात गडद ठोकळा एकटा पाहिला तर नुसते तुटक ठिपके-पट्टे दिसतील. आकार तयार होतो तो छटांच्या शेजारामुळे. त्याला तिशियनच्या ब्रशचं काम पकडायचं होतं, आणि तिशियनच्या चित्रात रेघ नसतेच.

दुसरी गोष्ट प्रेसची. लाकडी ठोकळा छापायचा तर पुस्तकांच्या प्रेसवर, वरून सपाट फळी दाबून. एवढ्या मोठ्या ठोकळ्याला तो दाब पुरेना, म्हणून जॅक्सन रुळाच्या प्रेसकडे वळला. ताम्रपट छापायला वापरतात तसा, दोन रुळांमधून माल सरकवायचा. जाड कागद, ओला करून. दाब एका रेघेत एकवटतो आणि कागद ठोकळ्याच्या खोलगट भागात घुसतो. उठाव येतो तो इथून.

मूळ चित्राचं नशीबही सांगण्यासारखं आहे. तिशियनने ते १५३० मध्ये व्हेनिसच्या सान्ती जोव्हान्नी ए पाओलो चर्चच्या वेदीसाठी पुरं केलं, लाकडी फळ्यांवर. नेपोलियनच्या स्वारीत ते पॅरिसला गेलं. तिथे फळ्यांवरून सोलून कॅनव्हासवर चढवलं. नेपोलियन पडल्यावर घरी आलं. पुढे डागडुजीच्या दिवसांत चर्चच्याच रोझरी चॅपलमध्ये ठेवलेलं असताना १८६७ च्या ऑगस्टमध्ये आग लागली आणि राख झाली. जॅक्सनने पाहिलं तेव्हा ते अजून लाकडावर होतं. लाकडावरचं चित्र त्याने लाकडात कापलं, आणि आज हातात एवढंच उरलंय.

माझा प्रश्न: हा उठाव मुद्दाम केलेला, की जादा दाबाचा आपसूक परिणाम? मला मुद्दाम वाटतो, पण पत्रिकेवाल्याच्या पोराला सगळीकडे उठावच दिसणार.

---

शाईचा_डाग

वा! सकाळी ऑफिसला जायच्या घाईत उघडला आणि लोकल चुकली. दोन बाळबोध शंका. लाकूड कुठलं? आणि हा जॅक्सन नावाचा इंग्रज व्हेनिसमध्ये काय करत होता?

---

खिळेजुळारी

लाकूड: युरोपात अशा कामाला नासपतीसारखी फळझाडं चालायची, बारीक पोताची. खोडाच्या लांबीने चिरलेली फळी, आणि कापायला सुरी. शतकाच्या उत्तरार्धात बेविक या इंग्रज खोदकाराने खोडाच्या आडव्या कापावर बॉक्सवूडमध्ये ब्युरिनने (टोकदार कोरणीने) कोरायची पद्धत रुळवली, ती वेगळी.

माणूस: जन्म १७०० च्या आसपास, इंग्लंडात. १७२५ च्या सुमारास पॅरिसला गेला, पुस्तकांसाठी फुलपट्ट्या, आद्याक्षरं, शेवटच्या पानावरची नक्षी कापायला. तिथून रोम, आणि १७३१ मध्ये व्हेनिस. त्या वेळी व्हेनिसमध्ये झानेत्ती नावाच्या उमरावाने पार्मिजानिनोच्या रेखाटनांवरून कियारोस्कुरो पुन्हा जिवंत केला होता. जॅक्सनचं त्याच्याशी फार दिवस पटलं नाही. मग जोसेफ स्मिथ भेटला. इंग्रज व्यापारी, चित्रं-पुस्तकांचा मोठा संग्राहक, १७४४ पासून व्हेनिसमधला ब्रिटिश कॉन्सल. स्मिथकडे रेम्ब्रांटचं एक छोटं चित्र होतं, क्रूसावरून उतरवलेल्या येशूभोवतीचा शोक. जेमतेम फूटभर उंच, आणि नुसत्या तपकिरी-करड्या छटांत रंगवलेलं. जॅक्सनसाठी आयतंच! १७३८ मध्ये त्याने ते छापून स्मिथला अर्पण केलं. मूळ चित्र आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

त्या यशावर मोठा बेत आखला: तिशियन, व्हेरोनेझे, तिंतोरेत्तो, बास्सानो यांची १७ चित्रं. काही एका कागदात मावेनात. तिंतोरेत्तोचं क्रूसारोहण तीन कागद जोडून झालं. एकूण २४ कागद, १७४५ मध्ये पास्क्वाली या प्रकाशकाने संच म्हणून काढले. पीटर मार्टिर त्यातलं सुरुवातीचं.

---

रेषाळ

छापचित्र शिकले आहे, अजूनही वुडकट-लिनो (लाकडावर, लिनोलियमवर कोरून छापणं) करते, म्हणून थोडं टोकते.

‘आधी फिका, मग गडद’ हे वाचायला सोपं आहे. करून पाहा. ओला कागद पसरतो, वाळला की आकसतो. पहिला रंग छापला, कागद बाजूला ठेवला, तासाभराने दुसरा घेतला की झगा एकीकडे आणि साधू दुसरीकडे. पावणेदोन फुटांच्या कागदाला दीड-दोन मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतात. म्हणजे चारही छाप होईपर्यंत कागदाची ओल सारखी टिकवायची. ओल्या कागदांचा गठ्ठा, वर वजन, अधूनमधून वरखाली. हाताच्या प्रेसवर दोन रंग छापताना कागदाला टाचण्यांनी भोकं पाडायचे आणि दुसऱ्या छापाला तीच भोकं त्याच टाचण्यांत बसवायचे. कागद ताणला असेल तर तेवढ्यानेही भागत नाही.

त्यामुळे खिजुंना (खिळेजुळारींना) ज्या कडा ‘ओघळल्यासारख्या’ वाटल्या, त्यातला काही भाग हुशारीचा आहे. छटांच्या कडा नेमक्या एकमेकींवर आणायचा हट्टच त्याने धरलेला नाही. पायऱ्या-पायऱ्यांनी सरकवल्या आहेत. मिलिमीटरभर चुकलं तरी ती चूक कळत नाही, उलट गोलाई वाटते. काळ्या बाह्यरेषेचं चित्र असतं तर तेवढी चूक डोळ्यात खुपली असती. रेघ काढून टाकणं ही सौंदर्यदृष्टी असेल, पण रजिस्टर (छाप नेमके एकावर एक बसणं) न जुळण्यावरचा तो उपायही आहे असं मला वाटतं.

उठावाबद्दल मात्र माझा विरोध. जोरात दाबलं की कागद दबणारच. माझ्या लिनोच्या प्रिंटलाही मागून हात फिरवला तर खड्डे लागतात. म्हणून मी काही शिल्पकार होत नाही.

---

गणितमास्तर

जॅक्सनने १७५४ मध्ये इंग्रजीत एक छोटी पुस्तिका काढली होती. तीत दावा असा की दा कार्पीला चारच छटा माहीत होत्या, जॅक्सनने दहा शोधल्या, आणि त्या दहाही चार छापांत उतरतात. हा बढाईचा भाग समजून सोडून दिला जातो. जरा हिशोब करू.

कागदावरचा कुठलाही ठिपका घ्या. प्रत्येक ठोकळा तिथे एक तर लागतो किंवा लागत नाही. चार ठोकळे, प्रत्येकाचे दोन पर्याय: २ × २ × २ × २ = १६. त्यातला एक कोरा कागद. शाई पारदर्शक असेल तर फिक्यावर मध्यम, फिक्यावर गडद, फिका आणि मध्यम दोन्हींवर गडद, अशा सगळ्या वेगळ्या दिसतील. पंधरा जोडण्यांतल्या दहा डोळ्याला वेगळ्या कळल्या तर त्यात अशक्य काय? अट एकच, शाई झाकणारी नको, काचेसारखी हवी.

---

रेषाळ

मास्तर, गणित बरोबर, पण गडद ठोकळ्याखाली फिका होता की नव्हता हे डोळ्याला फारसं कळत नाही. गडद म्हणजे गडद. माझ्या अंदाजाने सहा-सात छटा खऱ्या कामाच्या.

पारदर्शक शाईचा मुद्दा मात्र महत्त्वाचा. तो तेलाची शाई वापरायचा. जपानी वुडकटमध्ये पाण्याचे रंग कागदात मुरतात. तेलाची शाई वर थर धरते, एकावर एक चढते, आणि तेल जुनं झालं की पिवळं-तपकिरी पडतं. आज दिसणारा ‘चहा सांडल्यासारखा’ रंग सगळा जॅक्सनचा नव्हे, पावणेतीनशे वर्षांच्या तेलाचाही आहे.

---

वसईकर

धागा आवडला. संताबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी लिहितो.

हे येशूच्या शिष्यांपैकी संत पीटर नव्हेत. हे व्हेरोनाचे पीटर, डोमिनिकन साधू, तेराव्या शतकातले. ६ एप्रिल १२५२ रोजी कोमोहून मिलानला पायी जाताना वाटेतल्या रानात त्यांना गाठून मारलं. परंपरा अशी की मरताना त्यांनी स्वतःच्या रक्तात बोट बुडवून जमिनीवर ‘क्रेदो’, म्हणजे ‘मी श्रद्धा ठेवतो’, असं लिहिलं. चित्रात पडलेल्या संताचा हात जमिनीकडे आहे तो त्यासाठी. वर्षभरातच, १२५३ मध्ये, त्यांना संतपद मिळालं. मूर्तींत ते डोक्यात रुतलेल्या सुऱ्यासह दाखवतात, लगेच ओळखू येतात.

अवांतर: १७३९ हा आकडा वाचून मी थबकलो. आमच्या वसईच्या किल्ल्यात डोमिनिकनांचं चर्च आणि मठ होता, भिंती अजून उभ्या आहेत. त्याच वर्षी मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीजांबरोबर साधूही गेले. तिकडे व्हेनिसला एक इंग्रज पळणाऱ्या डोमिनिकनाचा झगा कापत बसला होता, तेव्हाच इकडे ते खरोखरचे बाहेर पडत होते. संबंध काही नाही. पण आता मठाच्या पडक्या कमानीखालून जाताना तो झगा आठवणार.

---

सडेतोड

चित्र-बित्र ठीक आहे. पण हा संत इन्क्विझिटर, म्हणजे चर्चतर्फे पाखंड्यांची चौकशी करणारा, होता हे सोयीस्कर गाळलंत का? गोव्यात त्या संस्थेने १५६० पासून अडीचशे वर्षं काय केलं ते आपल्या लोकांना सांगायला नको.

---

वसईकर

गाळलं नाही, पुढे लिहिणारच होतो. १२५१ मध्ये पोपने त्यांना लोंबार्दीत पाखंड्यांच्या चौकशीवर नेमलं होतं, आणि ज्यांच्यावर चौकशी होती त्यांनीच मारेकरी घातले. गोव्याचं इन्क्विझिशन त्यानंतर तीनशे वर्षांनी आलं. ते भोगलेल्यांत आमचे नवख्रिस्ती पूर्वजही होते, तेव्हा त्याचं कौतुक मला कुणी सांगायला नको.

---

खिळेजुळारी

@सडेतोड, मुद्दा रास्त आहे आणि त्यातून एक वेगळंच दिसतं. ज्याने छापलं तो इंग्रज, आश्रय देणारे इंग्रज, आणि घेणारे बरेचसे इटलीच्या सहलीला आलेले इंग्रज. घरी नेऊन हे चित्र कुणी पूजेला लावणार नव्हतं. वेदीवर होतं तोवर भक्तीचं, ठोकळ्यावर आलं की संग्रहाचं. जत्रेत विकत मिळणारे संतांचे स्वस्त लाकडी छाप त्या काळी युरोपभर होतेच, देव्हाऱ्यात आणि गोठ्याच्या दारावर चिकटवायला. जॅक्सनचं गिऱ्हाईक ते नव्हे. त्याने शेतकऱ्याच्या भिंतीवरचं तंत्र उचलून सरदाराच्या भिंतीवर न्यायचा प्रयत्न केला, आणि त्यातच त्याचं दिवाळं वाजलं.

---

चोखंदळ

छान लिहिलंय, पण ‘हातात एवढंच उरलंय’ हे चूक. तिशियनच्या हयातीतच मार्तिनो रोता याने या चित्राचं ताम्रपटावर खोदकाम केलं होतं. आणि चर्चमध्ये जळालेल्या चित्राच्या जागी आज कार्ल लोथने सतराव्या शतकाच्या शेवटी केलेली रंगीत नक्कल लावलेली आहे. रचना कळायला जॅक्सनची गरज नाही.

---

खिळेजुळारी

कबूल, वाक्याच्या भरात वाहवलो. मग जॅक्सनचं वेगळं काय, तर वजन. रोताच्या खोदकामात झाडाचं पान कुठे संपतं ते कळतं. जॅक्सनमध्ये पान कळत नाही, पण झाडांच्या काळोखातून मारेकऱ्याचा दंड कसा बाहेर येतो ते कळतं. तेही कागद तिरपा धरला तर!

आणि @रेषाळ, उठाव मुद्दाम होता याचा पुरावा शोधत होतो तो एका शत्रूकडे मिळाला. होरेस वॉलपोल, प्रधानाचा मुलगा, लंडनजवळ स्ट्रॉबेरी हिल नावाचा हौशी वाडा बांधणारा. जून १७५३ मध्ये फ्लॉरेन्समधल्या मित्राला पत्रात तो सांगतो की जॅक्सनचे व्हेनिसचे छाप त्याने एका खोलीत भिंतीवर लावलेत. पुढचं माझ्या शब्दांत: तिशियनची नक्कल म्हणून ते मला कधी बघवले नाहीत, पण रानटी उठावशिल्पं असल्यासारखे मांडले तेव्हा भलतेच खुलले. ज्याला चित्र आवडत नव्हतं त्याच्याही डोळ्याला ते दगडातल्या कोरीवकामासारखं दिसलं.

---

रेषाळ

वॉलपोलला ते उठावासारखे *दिसले*, एवढंच यातून सिद्ध होतं. तपकिरी छटांचं चित्र लांबून दगडासारखं दिसतंच, आणि चौकट करून मांडलं की आणखीच. उठाव मुद्दाम होता की नाही हे वॉलपोलला कुठून माहीत?

पण तुमचीच एक ओळ मला पटायला लागली आहे, ती प्रेसची. उठाव नको असता तर एवढी यातायात कशाला? सपाट प्रेसवर दोनदा दाबूनही काम झालं असतं. रुळाच्या प्रेसमध्ये लाकडी ठोकळा घालणं म्हणजे ठोकळा फुटायची भीती. ती पत्करून तो तिकडे गेला, आणि वर जाड कागद घेतला. जाड कागद शाईसाठी लागत नाही. तर अर्धा मुद्दा तुम्हाला दिला.

---

मिरजेचा_सतारवाला

धागा पुरता व्हेनिसला गेलाय, जरा मिरजेत आणतो. कोरून छापण्याची आपलीही एक गोष्ट आहे. पुण्याच्या रेसिडेन्सीत ब्रिटिश रेसिडेंट मॅलेटच्या हाताखाली तयार झालेल्या तांबटाकडून नाना फडणविसांना भगवद्गीता छापून घ्यायची होती. १८०० मध्ये नाना गेले, काम अर्धवट राहिलं. कारागीर मिरजेला पटवर्धनांकडे आला आणि १८०५ मध्ये गीता छापून झाली. तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून, खिळे न जुळवता. धर्माचं पुस्तक, राजाश्रय, हाताने कोरलेला ठसा, आणि आश्रयदाता गेला की कारागीर नव्या दाराशी. जॅक्सनचं वाचताना तो बिननावाचा तांबट डोळ्यांसमोर आला.

---

शाईचा_डाग

पुढे जॅक्सनचं काय झालं? ‘दिवाळं वाजलं’ म्हणून सोडून दिलंत.

---

खिळेजुळारी

व्हेनिसचा संच विकला गेला, पण पोटापुरता नाही. इंग्लंडात परतला, काही वर्षं छापील कापडाच्या कारखान्यात काढली. मग बॅटरसीला भिंतीच्या कागदाचा कारखाना टाकला. मास्तर म्हणाले ती १७५४ ची पुस्तिका म्हणजे खरं तर त्या कारखान्याची जाहिरात. त्यात चिनी धाटणीच्या कागदांची भरपूर टवाळी आहे, त्यावरचे सिंह मांजरांसारखे या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारतात वगैरे. लोकांनी ते उड्या मारणारे सिंहच घेतले. जॅक्सनचे ग्रीक पुतळे आणि रोमन भग्नावशेष कोण दिवाणखान्यात लावणार?

म्हातारपणी तो न्यूकॅसलला होता तेव्हा तरुण बेविकला भेटून त्याने आपली कामं दाखवली. बेविकच्या आठवणींत शेवट येतो: स्कॉटलंडच्या सरहद्दीवर एका सरदाराच्या कृपेने आश्रमात, १७८० च्या सुमारास.

---

चोखंदळ

पापियोंचं राहिलं. पॅरिसमध्ये जॅक्सन ज्याच्याकडे काम मागायला गेला तो ज्याँ-मिशेल पापियों, वुडकटवाल्यांचा वुडकटवाला. १७६६ मध्ये त्याने लाकडी खोदकामाचा इतिहास आणि तंत्र यांवर मोठा ग्रंथ काढला. त्यात जॅक्सनबद्दल मनातली सगळी मळमळ बाहेर काढली आहे: उपाशी होता म्हणून मी त्याला कामं दिली, आणि त्याने काय केलं? माझ्या एका फुलनक्षीची नक्कल कापून, माझा ठोकळा पोचायच्या आत माझ्याच गिऱ्हाइकाला नेऊन दाखवली. चाळीसेक वर्षांनंतरही राग ओला.

त्याच ग्रंथात एक युक्ती आहे. चित्रातला लांबचा भाग फिका यायला हवा असेल तर तिथलं लाकूड आधी किंचित खरवडून खोलगट करायचं आणि मग त्यावर रेघा कापायच्या. तिथे दाब कमी, म्हणून शाईही कमी उतरते. दाब कुठे पडू द्यायचा आणि कुठे नाही, हा विचार दोघांच्याही डोक्यात होता. भांडण फुलनक्षीवरून असलं तरी.

---

वसईकर

म्हणजे कमी दाबाने फिकेपणा आणायचा पापियोंचा मार्ग, आणि जास्त दाबाने उजेड वर आणायचा जॅक्सनचा. बरोबर समजलो ना?

---

चोखंदळ

थोडं सोपं केलंत, पण हो.

---

गणितमास्तर

वेबसाइटवरच्या फोटोत उठाव का दिसत नाही?

---

खिळेजुळारी

छापचित्राचा फोटो काढताना दोन्ही बाजूंनी सारखा उजेड टाकतात, सावली पडू नये म्हणून. सावली गेली की उठावही गेला. आणि दुसरं कारण जास्त वाईट: कित्येक प्रती जुन्या संग्राहकांनी जाड पुठ्ठ्यावर खळीने चिकटवल्या, दाबून सपाट केल्या. अशा प्रतींत मळकट तपकिरी डाग तेवढे उरतात. जॅक्सनला नावं ठेवणाऱ्यांपैकी कितीजणांनी इस्त्री केलेला जॅक्सन पाहिला असेल कोण जाणे.

---

रेषाळ

आठवडाभर धाग्याकडे फिरकले नाही कारण हात काळे होते. करूनच पाहिलं.

लिनोचे तीन ठोकळे, वहीच्या पानाएवढे. विषय सोपा घेतला: दोरीवर वाळत घातलेला पांढरा सदरा. फिका, मध्यम, गडद. शाईत भरपूर ट्रान्स्परंट बेस. जाड कागद रात्रभर ओल्या टॉवेलात. एचिंग प्रेसचा (रुळाच्या प्रेसचा) दाब नेहमीपेक्षा बराच चढवला.

पहिले तीन कागद वाया. रजिस्टर गेलं, सदऱ्याला तीन बाह्या. चौथ्याला कॉलरजवळ कागद फाटला, कारण तिथे मी लिनो फार खोल खोदला होता आणि कागद त्यात शिरून तुटला. तेव्हा कळलं की खोदायचं ते उथळ आणि उतरतं खोदायला हवं, विहिरीसारखं नाही, परातीसारखं. पाचवा जमला. सदऱ्याचा कोरा भाग असा वर आलाय की वाऱ्याने फुगल्यासारखा वाटतो. काखेतली चुणी मी कापलेलीच नव्हती. ती कागदाने स्वतः पाडली.

खिजु, उरलेला अर्धा मुद्दाही तुमचा. परात-खोदकाम अपघाताने होत नाही. जॅक्सनचे कागद न फाटता उठलेत म्हणजे त्याने ते ठरवून केलं असणार.

---

खिळेजुळारी

हुंकार!

कागदाच्या वर काय ठेवलंत? आमच्याकडे उठावाच्या गणपतीला नर-मादी अशी डायची जोडी असायची, वरचा खालच्यात बसायचा. ठोकळा एकच असेल तर वरून काहीतरी मऊ हवं.

---

रेषाळ

प्रेसचं फेल्ट कमी पडत होतं. आजीच्या जुन्या सतरंजीचा तुकडा घातला, दोन घड्या करून. पाचव्या कागदावर उजव्या कोपऱ्यात सतरंजीची वीणही उठली आहे, ती तशीच ठेवलीये.